थाळ एक, जेवणारे आठ

ऑर्डर घेताना मी मेन्यूआधी पाहुण्यांची चौकशी करते. किती जण, कुठले, कोणाला काय चालत नाही. समोरच्याला वाटते, बाई जरा जास्तच भोचक दिसतेय. पण सगळ्यांनी एकाच थाळात हात घालायचा असेल तर या चौकशीवाचून माझे पान हलत नाही. स्वतंत्र ताटात ज्याला जे नको ते तो बाजूला सारतो. सामायिक थाळात ती सोय नाही. रस्सा वाहतो, तूप भाताखाली पसरते, कबाबाचा चुरा शेजारच्या कोशिंबिरीत पडतो. म्हणून धंद्यात मी एकच नियम पाळते: थाळ भरायचा तो त्या घोळक्यातल्या सर्वांत कडक खाणाऱ्याच्या हिशोबाने. त्याला चालले की बाकीच्या सातांना चालतेच.

मी कोकणी मुसलमान घरातली. माहेर दापोलीकडचे, धंदा मुंबईत. आमच्याकडे दस्तरखान अंथरून घरच्यांनी एकत्र बसायची रीत आहेच, पण सामायिक थाळाचे शास्त्र मी शिकले ते दाऊदी बोहऱ्यांकडून. भेंडीबाजारातल्या त्यांच्या घरांत आधी जमिनीवर सफरा पसरतात, त्यावर तरकटी नावाची बैठक आणि तरकटीवर भला मोठा गोल थाळ. भोवती आठ माणसे मांडी घालून बसतात, डोके झाकलेले. यजमान चिलमची म्हणजे हात धुवायचे तस्त आणि लोटा घेऊन एकेकाचे हात धुतो. जेवणाची सुरुवात चिमूटभर मिठाने आणि शेवटही मिठानेच. सुरुवातीच्या मिठानंतर गोड, म्हणजे मिठास; मग तिखटमिठाचे, म्हणजे खारास; आणि ही पाळी पुढे चालू राहते. पदार्थ थाळाच्या मधोमध येतो आणि जो तो आपल्या पुढ्यातलेच खातो. समोरच्याच्या बाजूला हात घालणे असभ्यपणा. माणसे बसल्याशिवाय थाळ मांडत नाहीत आणि मांडलेला थाळ एकटा सोडत नाहीत.

या रिवाजांत स्वयंपाक्याला कामाच्या बऱ्याच गोष्टी सापडतात. आठ माणसे बसली की प्रत्येकाचा हात न वाकता मध्यापर्यंत पोहोचतो. दहा कोंबली की खांद्याला खांदा लागतो, मग मी सरळ पाच-पाचांचे दोन थाळ लावते. दुसरे म्हणजे पदार्थ एकामागून एक येतो, त्यामुळे समोसा गरम असताना समोसाच खाल्ला जातो. हॉटेलातल्या ‘प्लॅटर’मध्ये कबाब, भात, तळण, सॅलड असे सगळे एकाच वेळी रचतात. फोटो सुरेख येतो, पण पाच मिनिटांत तळण मऊ पडते आणि कबाब गार होतात. एकदम सगळे मांडायचे असेल तर हैदराबादच्या बारकसचा कित्ता गिरवावा. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातून आलेल्या अरबांची ती वस्ती. तिथली मंदी म्हणजे भात आणि त्यावर मांस, बस्स. दोन्ही सारखे गरम राहतात, दोन्ही एकाच घासात जातात.

आता हलालविषयी, कारण नव्या यजमानाची धाकधूक तिथेच असते. जनावर जिवंत आणि धडधाकट असावे, कापणारा मुसलमान असावा, त्याने अल्लाचे नाव घेऊन धारदार सुरीने गळ्यावर कापावे, श्वासनलिका, अन्ननलिका आणि गळ्याच्या रक्तवाहिन्या तुटाव्यात आणि रक्त वाहून जावे. वाहते रक्त निषिद्ध आहे. त्यामुळे मटण धुताना येणारे गुलाबी पाणी पाहून काही जण घाबरतात. पण तो रंग मुख्यतः स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा असतो. साफ करताना गाठी म्हणजे गदूद मात्र आठवणीने काढायच्या. आणि हलाल म्हणजे बीफ, हा गैरसमज सोडून द्या. महाराष्ट्रात गायीबरोबरच 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. मी थाळासाठी बकरा आणि कोंबडीच वापरते.

हलालची ही पद्धत मराठी माणसाला परकी आहे असेही नाही. गावगाड्यात बकरा कापायचे काम अनेक ठिकाणी गावच्या मुसलमान मुलाण्याकडे असे. पिराची कंदुरी असो की जत्रेचे जेवण, मुलाण्याने कापलेले मटण गावाने खाल्ले आहे. शहरात मुलाणी राहिला नाही, म्हणून दुकानात विचारावे लागते. खाटकाला सरळ विचारा, त्यात अवघडण्यासारखे काही नाही.

फसगत होते ती मटणात नव्हे, किराण्यात. जेली आणि मार्शमॅलोमधले जिलेटिन बहुधा जनावराच्या कातड्या-हाडांचे असते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की जिलेटिनची चिंता मिटते, मद्याची मिटत नाही. अस्सल व्हॅनिला अर्क मद्यार्कातच काढतात. म्हणून गोडाला मी वेलची, जायफळ आणि केशर यांच्या पलीकडे जात नाही, आणि जेली हवीच असेल तर चायना ग्रासची करते. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्यांच्या पडद्यांत ठेवून कुटत. अन्नसुरक्षेच्या 2016 च्या नियमांनी वर्ख करताना प्राणिज वस्तू वापरायला बंदी घातली, तरी सुटा वर्ख घेताना मी विचारून घेते. जैन पाहुणेही त्याबद्दल दुवा देतात. तळणाचे तेल नवे असावे. बाहेरून आणलेले नगेट्स ज्या तेलात तळले, त्यात माझे समोसे पडत नाहीत.

कोकणात जन्मले म्हणून माशाचे मला विशेष कौतुक. माशाला जबह करावे, म्हणजे हलाल रीतीने कापावे लागत नाही, तेव्हा तो बिनघोर, असे यजमान धरून चालतात. पण मुसलमानांतच इथे पंथागणिक तीन तऱ्हा आहेत. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आम्हाला समुद्रातले जवळपास सगळे चालते. उत्तरेकडचे बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे. ते मासा खातात, पण तिसऱ्या, माकूल आणि खेकडे नाहीत, आणि कोळंबीबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत. बोहरे खवल्यांचा मासा आणि कोळंबी खातात, बाकी नाही. तिघे एका थाळाला बसणार असतील तर मी रावस आणते. तिसऱ्यांचे सुके मला कितीही आवडत असले तरी त्या दिवशी ते घरी.

सर्वांत कडक खाणाऱ्याचा नियम कधी तुटतोही. काही शीख पाहुण्यांना हलाल मांस त्यांच्या धर्माने वर्ज्य आहे. त्यांच्यात आणि मुसलमान पाहुण्यांत कोण जास्त कडक, हा प्रश्नच चुकीचा. तिथे मांसाचा समाईक थाळ होत नाही. मासा दोघांना चालत असेल तर मासा, नाहीतर बिनमांसाचा थाळ. शाकाहाऱ्यांसाठी थाळाचा एक कोपरा राखून ठेवतात तो प्रकार मला पसंत नाही. गोल थाळाला कोपरा कुठला? त्यांना वेगळा, तितकाच भरगच्च थाळ लावा, आणि यजमानांपैकी कोणीतरी त्यावर जेवायला बसावे.

आठ जणांचा माझा नेहमीचा थाळ सांगते. सुरुवातीला मीठ आणि चमचाभर गोड. मग खिमा समोसे, माणशी दोन प्रमाणे सोळा. खिमा पार कोरडा शिजवायचा, पेटत्या कोळशावर तूप सोडून त्याला धुंगार द्यायचा, आणि पातीचा कांदा, पुदिना, कोथिंबीर खिमा गार झाल्यावरच मिसळायची. ओलसर खिम्याने पट्टी तेलात उकलते. मधल्या पाळीला दुधी हलवा. मग मुख्य पदार्थ, रान. बकऱ्याची मागची दीड किलोची तंगडी घ्यावी, हाडापर्यंत चिरा द्याव्यात. दही, आले-लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि सालासकट वाटलेली कच्ची पपई दोन मोठे चमचे लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. पपईतले पपेन मांसाचे धागे सोडवते. हात सैल सुटला तर वरचा थर पिठूळ होतो. दुसऱ्या दिवशी जड बुडाच्या भांड्यात, झाकणाला कणीक लावून, मंद आचेवर अडीच ते तीन तास. हाडाला धरून ओढले की मांस सुटले पाहिजे, कारण थाळावर सुरी नसते.

भात माणशी शंभर ग्रॅम तांदळाचा आणि त्यासोबत आमची तांदळाची भाकरी. भाकरी चतकोर करून काठाने लावली की प्रत्येकाच्या पुढ्यात आपोआप येते. थाळात जे जे जाईल ते अंगाबरोबरच्या रश्शाचे हवे. पातळ असेल ते वाट्यांत. लिंबू, कांदा, पुदिन्याची चटणी दोन ठिकाणी समोरासमोर ठेवा, म्हणजे कोणाला मागावे लागत नाही. ज्याचा तुकडा मोजता येतो तो आठाच्या पाढ्यातच करा. शेवटच्या एका कबाबासाठी आठ जणांनी एकमेकांना आग्रह करत बसण्यापेक्षा तो नसलेला बरा.

उरलेले उचलायची वेळ दोन तासांच्या आत यावी, गरम पदार्थ त्याहून जास्त वेळ बाहेर राहू नयेत. खरे तर उरू नयेच. बोहऱ्यांनी अन्न वाया जाऊ नये म्हणून ‘दाणा कमिटी’ नावाची व्यवस्था केली आहे. थाळातला शेवटचा दाणा उचलल्याशिवाय त्यांच्याकडे माणसे उठत नाहीत. थोडे थोडे वाढायचे आणि पुन्हा आणायचे, हेच त्यामागचे तंत्र.

दिवाळीत अनेक घरांतून मला फोन येतात: मुसलमान मित्र सहकुटुंब येणार आहेत, काय करू? त्यांना सांगते ते इथेही सांगते. तुमची चकली, शेव, करंजी, अनारसे, चिवडा हे सगळे तेला-तुपातले, म्हणजे हलालच आहे. त्यासाठी वेगळे काही करायचे नाही. एका मोठ्या परातीत फराळ मांडा आणि भोवती बसा. जेवणही करायचे असेल तर मटण माहितीच्या दुकानातून आणा, तेल नवे घाला आणि आदल्या दिवशी फोन करून विचारा, “तुमच्याकडे कोणाला काय चालत नाही?” या प्रश्नाने पाहुणा दुखावत नाही. ही चौकशी त्यालाच करायची वेळ आपल्या घरी आली, तर मात्र यजमान म्हणून आपण कमी पडलो.