६२ किलो

गेल्या पावसाळ्यात अण्णांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी सोडलं तसा मी लॅपटॉप उचलून पुण्याहून पाथरीला आलो. पहिल्याच सकाळी त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायला म्हणून काखेत हात घालून उचललं आणि पाठीत अशी उसण भरली की आम्ही दोघंही परत पलंगावर! आई म्हणाली, "आता शेकू कोणाला आधी?"

अण्णांचं वजन ६२ किलो. कॉलेजात असताना मी १२० किलोची डेडलिफ्ट मारायचो. मधे १४ वर्षं गेली. नोकरी, लग्न, रिलीज, परत रिलीज... असो.

पाठ सुटल्यावर बाजारामागच्या जिममध्ये नाव घातलं. पहिले दोन आठवडे नुसता २० किलोचा रॉड. एका पोरानं विचारलंच, "काका, रिकामाच रॉड उचलायलाव का?"

पण मंडळी, पुढचं मात्र झपाट्यानं झालं. दीड महिन्यात ७० किलो. नव्यानं सुरू करणाऱ्याला बहुतेक वेळ जास्त लागतो. २०१० साली नॉर्वेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं होतं, की व्यायामानं स्नायूंच्या पेशीत वाढलेली केंद्रकं स्नायू बारीक झाले तरी टिकून राहतात. माणसात नेमकं असंच होतं का, यावर अजून वाद आहे. पण २०२४ मध्ये फिनलंडमधल्या एका अभ्यासात १० आठवडे मधेच सुट्टी घेतलेली माणसं साधारण ५ आठवड्यांत पूर्वीच्या जागी पोचली. १४ वर्षांची सुट्टी कोणी तपासली असेल असं वाटत नाही. :-) आमच्या भाषेत सांगायचं तर, कोड डिलीट झालेला नसतो.

मशीन मात्र जुनं झालेलं असतं. ७० झाले म्हणून मी पुढच्याच आठवड्यात ९० लावले आणि कोपर धरलं. स्नायू लवकर परततात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्या सावकाश तयार होतात. ताकद आलीय असं वाटतं तोच खरा धोक्याचा काळ. तीन आठवडे परत रिकामा रॉड. ते पोर हसलं नाही, हे त्याचे उपकार.

खाण्याचं गणित त्याहून अवघड. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन ७८, म्हणजे जवळपास १२५ ग्रॅम. भाकरी-पिठल्यावर कसंबसं निम्मं व्हायचं. मग रोज चार अंडी (२४ ग्रॅम), दोन वाट्या वरण, दही, शेंगदाणे आणि ५० ग्रॅम सोयावडी, तिचे २५-२६ ग्रॅम. गंमत बघा, सोयाबीन आमच्याच शेतात पिकतं, मोंढ्यात जातं आणि त्याच्या वड्या मी दुकानातून पाकिटात विकत आणतो. आईला अजून वाटतं मी कुठलंतरी पथ्य पाळतोय.

झोपेचं मात्र काही जमलं नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अण्णांची कूस रात्री दर दोन तासांनी बदलावी लागायची. अर्धी रात्र आई, अर्धी मी. अशा झोपेवर स्नायू हळूच वाढतात. चार महिन्यांनी काट्यावर ७८ चे ७७ झाले फक्त, पण पट्टा दोन भोकं आत गेला.

सगळ्यात मोठी फजिती पुढेच होती. परभणीहून येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "यांना उचलायचं नाहीच. काखेत तर हातच घालायचा नाही, खांदा निसटेल." खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, म्हणजे उजवीकडे. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा, आपले गुडघे वाकलेले, त्यांचं अंग आपल्या अंगाजवळ. ते पुढे झुकले की पट्टा धरून फक्त सोबत उठायचं. म्हणजे डेडलिफ्टच, पण निम्मं वजन समोरच्यानं घ्यायचं!

सुरुवातीला ते माझ्यावर सगळा भार टाकायचे. मग हळूहळू उजवा पाय जोर धरू लागला. काल सकाळी पट्टा धरून उभा राहिलो, तर हाताला काही जाणवेचना. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"मी उठायलो का तू उचलायलास?"

"माहीत नाही," म्हटलं. "बसा आधी, चहा गार व्हायलाय."