नोकरी सांभाळून शिकणाऱ्या सुनेसाठी

भगिनींनो, नोकरी लागली की शिक्षण संपले, असे आपण खेड्यातली माणसे धरून चालतो. माझी सून इंजिनिअर आहे. नोकरी सांभाळून तिने पुढचा अभ्यास धरला, तेव्हा इथे वडशाला आमच्या मोहल्ल्यातल्या बाया मला विचारू लागल्या, "पगार येतो आहे, मग आता पुस्तके कशाला?" तुमच्याही घरी हा प्रश्न कधीतरी येईल, म्हणून लिहिते.

आपल्या झाडीपट्टीला ही गोष्ट काही नवी नाही. दिवाळी झाली की वडशातून गावोगाव नाटके निघतात. त्यातले कितीतरी नट दिवसा शेती पाहतात आणि रात्री तोंडाला रंग लावतात. त्यांच्या पाठांतराला घरचे लोक वेळ देतातच ना? मग सुनेच्या अभ्यासाला का देऊ नये?

सुनेने विषय घेतला जलविज्ञानाचा. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटेल योजनेत ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात. व्याख्याने घरबसल्या मोबाईलवर फुकट ऐकता येतात. दर आठवड्याला गृहपाठ असतो. प्रमाणपत्र हवे असेल तर फी भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. जुलैचे सत्र नेमके रोवणीवर येते, म्हणून तिने जानेवारीचे धरले. रात्री जेवणे झाली की दीड तास तिचा. तेवढ्यात भांडी मी आणि मुलगा उरकत असू.

याचा उपयोग काय? नाल्यावरची मोरी अरुंद पडली की पाणी तुंबते आणि धानाच्या बांध्या बुडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मोरी किती रुंद हवी, हे वरचे पाणलोट केवढे, पावसाचा जोर किती आणि जमीन किती पाणी पिते, यावरून काढावे लागते. तो हिशेब पक्का असलेला इंजिनिअर गावाला हवाच.

मात्र पैसे भरण्याआधी चौकशी करा. प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. नोकरदारांना पूर्वी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या एएमआयई परीक्षेचा मोठा आधार होता. पण ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच तिची पदवीसमान मान्यता मिळते. दुसरी गोष्ट ३ नोव्हेंबर २०१७ ची. चार अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना नव्याने परीक्षा द्यायला सांगितली आणि त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द केल्या. नोकरी करून शिकलेल्यांची वर्षे गेली. म्हणून मान्यता कोणाची, परीक्षा कुठे, आणि आपल्या खात्यात या कागदाला किंमत किती, ही तीन उत्तरे आधी लेखी घ्या.

आणि घरातही एकदा बसून ठरवा. अभ्यासाची वेळ कोणती, तेव्हा चूल कोणाकडे, लेकरू कोणाकडे? "शीक हो बाई" एवढे म्हणून भागत नाही. तास काढून द्यावा लागतो, आणि तो आपणच देऊ शकतो.