सुधारणेची किंमत

जुन्या ध्वनियंत्रांची आवड असणाऱ्याला आज ना उद्या एका मोहाला तोंड द्यावे लागते. यंत्र घरात आलेले असते, उत्तम चालत असते. आणि तरीही कोणीतरी जाणकार सांगतो, की हे उघडून आतले चार भाग बदलले तर ‘खरा’ आवाज ऐकू येईल. शौकिनांच्या परिभाषेत याला ‘मॉड’ म्हणतात. त्यासाठी पैसे मोजावेत का, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला, तरी माझ्या मते तो मुळात श्रवणाविषयीचा प्रश्न आहे.

माझ्याकडे वडिलांनी घेतलेला एक ॲम्प्लिफायर आहे आणि त्यांनीच जमवलेल्या ७८ आरपीएमच्या शंभरेक तबकड्या. लॅमिंग्टन रोडच्या परिसरातल्या एका कारागिराने या ॲम्प्लिफायरसाठी तीन कलमी अंदाजपत्रक दिले : सारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणे, ऑप-ॲम्प चिप बदलणे आणि आतल्या तारांच्या जागी चांदीच्या तारा घालणे. एकूण रक्कम स्पीकरच्या किमतीहून अधिक होती.

पहिल्या कलमाबद्दल वाद नाही. या कपॅसिटरमधले द्रावण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकते. त्यांची क्षमता घटते, अंतर्गत रोध वाढतो. मग वीजपुरवठ्यातली लहर पुरती गाळली जात नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून रेक्टिफायरनंतर ती १०० हर्ट्झची घरघर होऊन तानपुऱ्याच्या खर्जाखाली येऊन बसते. कपॅसिटर बदलल्यावर ती गेली. पण ही दुरुस्ती झाली. तिने यंत्राला त्याचे मूळ रूप परत दिले, निराळे व्यक्तिमत्त्व दिले नाही.

उरलेल्या दोन कलमांची गोष्ट वेगळी. १९७९च्या सुमारास आलेली एनई५५३२ ही चिप असंख्य उपकरणांत आहे आणि नीट आखलेल्या मंडलात तिची विकृती टक्क्याच्या हजारांशात मोजावी लागते. तिच्या जागी अधिक वेगवान चिप बसवली आणि मंडल तिला अनुरूप नसले, तर ती आंदोलित होऊन आवाज बिघडूही शकतो. चांदी तांब्याहून किंचित अधिक विद्युतवाहक आहे हे खरे. पण वीतभर तारेत तो फरक नगण्य ठरतो.

एका मित्राकडे याच बनावटीचा, असे बदल केलेला ॲम्प्लिफायर होता. आम्ही दोन्ही शेजारी ठेवले. पहिल्या ऐकण्यात त्याचा आवाज निःसंशय ‘मोकळा’ वाटला. नंतर मल्टिमीटर लावून दोन्हींची पातळी समान केली, कोणता चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू दिले नाही, आणि तो मोकळेपणा नाहीसा झाला. त्याचा आवाज थोडा मोठा होता, इतकेच. किंचित मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो, हे ध्वनिशास्त्रात जुनेच ज्ञान आहे.

आमची चाचणी घरगुती होती. पण २००७ साली मेयर आणि मोरन यांनी उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाच्या मार्गात साध्या सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून श्रोत्यांना फरक ओळखायला लावला, तेव्हा ५५४पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे फेकूनही तेवढीच आली असती. या प्रयोगावर आक्षेप घेतले गेले, आणि २०१६ साली जोशुआ रीस यांनी अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास करून असा फरक ओळखता येतो, पण अगदी थोडा, असा निष्कर्ष काढला. वाद आहे तो या ‘थोड्या’चा. जाहिरातीत मात्र पडदा दूर झाल्याची भाषा असते.

यावर रसिकांचे उत्तर ठरलेले : “मला ऐकू येते, ते तुमच्या मीटरला काय कळणार?” हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. दरबारीचा गांधार आणि अन्य रागांतला कोमल गांधार यांतला भेद आपल्या संगीताने कानानेच जपला आहे. पण तो भेद डोळे मिटूनही टिकतो. पडद्याआडून आलेल्या दोन आलापांवरून शिष्य आपला गुरू ओळखतो. जो फरक पडदा टाकताच मावळतो, तो कानाचा नसून किमतीच्या पावतीचा असतो.

माझ्या घरी सर्वांत मोठा बदल घडला तो सुईने. एलपीसाठीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ ते २५ मायक्रॉन असते, तर ७८च्या रुंद खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि तिथली धूळच वाजवते. योग्य सुई खाचेच्या भिंतींना टेकली, दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो केले, आणि १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर खरखरीतून वर आला. हा फरक स्वयंपाकघरातून आईनेही ओळखला. तिला सुई बदलल्याचे कोणी सांगितले नव्हते.

तेव्हा पैसे मोजावेत, पण आधी कारागिराला एक विचारावे : हा बदल कोणता दोष दूर करतो? घरघर, झिजलेली सुई, चुकीची खाच असे उत्तर आले तर घासाघीस करू नये. ‘आवाजात प्राण येतो’ असे आले, तर तो प्राण गवयाने तबकडीत आधीच ओतलेला आहे हे आठवावे, आणि ते पैसे आणखी चार तबकड्यांसाठी राखून ठेवावेत.