परवलीचा शब्द

परवलीचा शब्द हा पूर्वीं पहारेकऱ्याचा विषय होता. रात्रीं दरवाजापाशीं कोणी आलें म्हणजे तो विचारावयाचा, उत्तर बरोबर आलें तर अडसर काढावयाचा. उजाडलें कीं त्या शब्दाचें काम संपलें. आतां तो घरोघरीं शिरला आहे, आणि बँकेचा, विजेच्या बिलाचा, मुलांच्या शाळेचा असे निरनिराळे शब्द आठवतां आठवतां सर्वांची तारांबळ उडते. पण त्यांविषयीं आज लिहावयाचें नाहीं. ज्या यंत्रांत आपणां सर्वांचीं दप्तरें ठेविलेलीं असतात, त्या सर्व्हरांच्या किल्ल्या कोणापाशीं असाव्या, हा आमचा विषय आहे.

इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या प्राध्यापकानें या प्रश्नांत पडण्याचें कारण इतकेंच कीं, आमच्या महाविद्यालयानें त्यासाठीं नेमलेल्या समितींत दुसरें कोणी तयार होईना, म्हणून आम्हांस बसविण्यांत आलें. बसल्यावर मात्र विषयाची गोडी लागली.

आमच्या सर्व्हरच्या खोलींत पाहूं गेल्यास लोखंडी चौकटींत बसविलेलीं दोनच यंत्रें आहेत. पण त्यांच्या पोटांत चौदा सर्व्हर नांदतात. एक ग्रंथालयाचा, एक परीक्षा-विभागाचा, एक वेतनाचा, असे. त्यांस स्वतःचा देह नाहीं. मूळ यंत्राची स्मृति व शक्ति वांटून घेऊन प्रत्येक जण आपण स्वतंत्र यंत्र आहों अशा भ्रमांत वावरतो. आमच्या वेदान्ती मित्रांस हें सांगितलें तेव्हां त्यांस मुळींच नवल वाटलें नाहीं. या भ्रमाचा जो सूत्रधार, त्यास हायपरव्हायझर म्हणतात. पुण्यांतील जुन्या वाड्याची उपमा द्यावयाची तर चौदा बिऱ्हाडांस चौदा कुलुपें आहेत. पण मालकापाशीं एक अशी किल्ली आहे कीं तिच्या योगें कोणतेंही बिऱ्हाड भिंतींसकट उचलतां येतें, त्याची हुबेहूब नक्कल दुसरीकडे नेतां येते, किंवा तें क्षणांत नाहींसें करतां येतें. परीक्षा-विभागानें आपलें कुलूप कितीही बळकट केलें तरी या किल्लीपुढें त्याचा फारसा पाड लागत नाहीं. तिला 'रूट'चा पासवर्ड म्हणतात.

कुलूप आणि त्याची फजिती हीं संगणकाच्या इतिहासांत जुळीं भावंडें आहेत. अमेरिकेंत एमआयटी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो यांनीं १९६१ सालीं सीटीएसएस नांवाची व्यवस्था दाखविली. तिच्यांत एकच यंत्र अनेकांस वांटून दिलेलें असे, म्हणून ज्याचें त्यास मिळावें यासाठीं पासवर्ड आला. पुढच्याच वर्षीं अ‍ॅलन शेर या विद्यार्थ्यानें, आपल्या वांट्याचा वेळ पुरेना म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. १९६६ सालीं तर दोन फाइलींची अदलाबदल होऊन तीच यादी, स्वागताच्या संदेशाऐवजीं, येणाऱ्या प्रत्येकापुढें झळकली!

परंतु आम्हांस चोरापेक्षां अधिक विचारांत पाडलें तें एका प्रामाणिक माणसानें. आमच्या खोलीचे व्यवस्थापक सतरा वर्षें एकटेच हें सारें पाहत आले. रूटचा पासवर्ड त्यांनीं कोठेंही लिहिलेला नव्हता. कागद हरवतो, डोकें हरवत नाहीं, असें ते म्हणत. दोन वर्षांपूर्वीं, निकाल लागावयाच्या आदल्या दिवशीं, त्यांस हृदयविकाराचा झटका आला, आणि त्याच रात्रीं दोहोंपैकीं एक यंत्र बंद पडलें. सकाळीं आमचा एक तरुण सहकारी रुग्णालयांत त्यांच्या खाटेपाशीं फोन कानाला लावून उभा राहिला. ते एकेक इंग्रजी अक्षर सांगत, मोठें कीं लहान तें सांगत. हा तें पुढें कळवीत असे. तीन वेळां चुकलें, चौथ्या वेळीं जमलें. निकाल लागला. व्यवस्थापकांच्या पत्नी खाटेच्या पलीकडे उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

एकट्याच्या डोक्यांतील किल्लीची दुसरी तऱ्हा सॅन फ्रान्सिस्को शहरानें २००८ सालीं पाहिली. शहराच्या संगणक-जाळ्याचे पासवर्ड टेरी चाइल्ड्स या अभियंत्यानें वरिष्ठांस देण्याचें नाकारलें. तो तुरुंगांत गेला, आणि तेथें भेटीस आलेले महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्याच स्वाधीन त्यानें ते केले. २०१० सालीं त्यास चार वर्षांची शिक्षा झाली. मागणारे लायक नव्हते, असें त्याचें म्हणणें. तें खरेंही असेल. पण शहर कांहीं केवळ लायक माणसांच्या मालकीचें नसतें.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. गडाचा कारभार हवालदार, सबनीस व सरनोबत या तिघांनीं मिळून चालवावा, असा शिवछत्रपतींचा शिरस्ता सभासदाच्या बखरींत नोंदलेला आहे. एकट्याच्या लोभावर, लहरीवर किंवा दुखण्यावर गड अवलंबून राहूं नये, हें त्यांतील इंगित. समितीनें ठरविलें तेंही फार निराळें नाहीं. तिघांस ज्याच्या त्याच्या नांवाचें खातें, म्हणजे कोणीं काय केलें याची नोंद राहते. रूटचा शब्द रोजच्या वापरांतून काढून लाखबंद पाकिटांत प्राचार्यांच्या तिजोरींत. पाकीट उघडलें तर काम होतांच शब्द बदलावयाचा. दर नव्वद दिवसांनीं सर्वांनीं आपापले शब्द बदलावे अशीही एक सूचना होती. ती आम्हीं हाणून पाडली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेनेंच अशी सक्ती नको असें २०१७ सालीं सांगितलें आहे. सक्ती केली म्हणजे माणसें 'गणपती१' चें 'गणपती२' करितात, याहून अधिक कांहीं होत नाहीं.

मसुदा वाचला गेला त्या बैठकीस व्यवस्थापक हजर होते. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "सर, सतरा वर्षांत इकडचा कागद तिकडे झाला नाहीं. आणि आतां पाकीट?"

"अहो, चोरीचें नांव कोणीं काढलें?" आम्ही म्हणालों. "तुम्हीं खाटेवर पडून अक्षरें सांगावीं, हा प्रसंग पुन्हां नको, एवढेंच."

त्यांनीं मान वर केली नाहीं. "घरांतूनही तेंच म्हणणें आहे," ते म्हणाले, आणि सही केली. पाकिटांतला शब्द आपणच लिहावा, एवढी एकच विनंती त्यांनीं केली. ती सर्वानुमतें मान्य झाली. पाकिटावर तिघांच्या सह्या आहेत, आणि तें अद्याप कोणीं उघडलेलें नाहीं.