चौकातला तांबडा दिवा आणि चाळीस क्रेट पेरू

वाचकहो, गेल्या हंगामात आमच्या पेरूला कीड लागली नाही, गारपीट झाली नाही, आडत्यानेही फारसे नाडले नाही. तरीसुद्धा चाळीस क्रेट पेरू हिशेबातून गेले. ते कुठे गेले ते सांगतो. तुमच्याही दारात मोटारसायकल नाहीतर पिकअप उभी असेलच.

आमचे गाव शिर्डीपासून दोन कोसांवर. राहाता तालुक्यात पेरूच्या बागा किती, हे तुम्हाला सांगायला नको. आमची दीड एकर आहे. इथल्या बाजारात भाव पडला की आम्ही पिकअपमध्ये क्रेट रचतो, रात्री दहाला निघतो आणि नगरमार्गे पहाटे पुण्याच्या गुलटेकडीला माल लावतो. नगरला आता कागदावर अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेला वळण लागायला वेळ लागेल. गाडी माझ्या नावावर आहे, चालवतो पुतण्या. थोरला भाऊ गेला तेव्हा हा पोर नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून तो माझ्याच ताटात जेवला. पोर सरळ आहे, तंबाखूसुद्धा खात नाही.

उन्हाळ्यात गाडीचे पासिंग आले. कागद घेऊन गेलो तर एजंट म्हणाला, "नाना, गाडीवर साडेनऊ हजारांची चलनं बाकी आहेत. ती मिटल्याशिवाय काम पुढं सरकायचं नाही."

मी म्हणालो, "अरे, आम्हाला कुणी पोलिसानं अडवलंसुद्धा नाही!"

तो हसला. "आता अडवत नाहीत नाना, फोटो काढतात."

हंगामाच्या शेवटी मला किलोला बारा रुपये पदरात पडले होते. वीस किलोचे एक क्रेट. घरी येईपर्यंत मोटारसायकलवर मी एकच भागाकार करीत होतो आणि उत्तर दर वेळी चाळीस क्रेटच्या आसपास येत होते.

रात्री जेवताना मी सगळ्यांच्या देखत पुतण्याला बोललो. नको ते बोललो. "हे पैसे तुझ्या वाट्यातून कापीन," असेही म्हणालो. तो खाली मान घालून भाकरी मोडीत बसला. वहिनी ताटावरून उठल्या आणि आत गेल्या. बारा वर्षांत त्या घरात अशा उठल्या नव्हत्या. मग कुणीच नीट जेवले नाही.

सूनबाई म्हणाली, "मामा, आधी फोटो तर बघू." तिने मोबाईलवर सरकारी चलनाचे पान उघडले. गाडीचा नंबर घातला आणि आरसी बुकातून चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे घातले. सात चलने पुढे आली. सातही सिग्नल तोडल्याची आणि सातही पुण्यातल्या एकाच चौकातली.

मग आम्हाला मेसेज कसे आले नाहीत? गाडी घेतली तेव्हा कागदावर माझा जुना नंबर लिहिला होता. ते सिमकार्ड चार वर्षांपूर्वीच बंद पडले. सरकारचे मेसेज त्या मेलेल्या नंबरावर जात राहिले. तुमच्या गाडीच्या कागदावर कोणता नंबर आहे, एवढे आजच बघा. पुढचे वाचायचे राहिले तरी चालेल.

दंड एवढा का झाला, तेही समजून घ्या. पूर्वी शंभर-दोनशेत भागत असे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला आणि महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. सिग्नल तोडल्याचे पहिल्या वेळी ५०० रुपये, त्यानंतर दर वेळी १,५०० रुपये. म्हणजे आमचे पहिले चलन ५०० चे आणि पुढची सहा दीड-दीड हजारांची. पहिला मेसेज मिळाला असता तर बाकीची सहा झालीच नसती, असे मी रात्रभर म्हणत राहिलो. शिवाय तांबडा दिवा तोडणे हे धोकादायक वाहन चालवण्यातही धरता येते. तसा खटला कोर्टात गेला, तर पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आणि सहा महिने ते एक वर्षाची कैदही कायद्यात लिहिली आहे.

ही कॅमेऱ्याची युक्ती काढली कुणी, म्हणून मी चौकशी केली. हॉलंड देशात माउस गात्सोनीदेस नावाचा मोटारींच्या शर्यतीत धावणारा गडी होता. १९५३ साली त्याने मोंटे कार्लोची मोठी शर्यत जिंकली. आपली गाडी वळणावर नेमकी किती वेगाने जाते, हे मोजायला त्याने यंत्र केले, आणि पुढे त्याच यंत्राच्या वंशातले कॅमेरे पोलिसांच्या हाती गेले. जोरात गाडी हाकणाऱ्यानेच जोरात हाकणाऱ्यांचे असे वाटोळे केले! सिग्नलचा दिवा तर त्याहून जुना. लंडनला पार्लमेंटसमोर डिसेंबर १८६८ मध्ये गॅसचा दिवा लावला होता. महिनाभरातच त्याचा स्फोट झाला आणि दिवा फिरवणारा पोलीसच भाजला.

आता चौकातल्या कॅमेऱ्याचे काम कसे चालते ते सांगतो. सिग्नलपाशी रस्त्यावर पांढरी आडवी रेघ असते. दिवा तांबडा असताना गाडीने ती रेघ ओलांडली की कॅमेरा जागा होतो. काही ठिकाणी डांबराखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते, काही ठिकाणी चित्रावरूनच कळते. पुढे संगणक नंबरप्लेट वाचतो आणि मालकाचे नाव काढतो. हिरवा किंवा पिवळा असताना तुम्ही रेघ ओलांडली आणि मग तांबडा लागला, तर तो गुन्हा नव्हे. पिवळा म्हणजे थांबाच. मात्र रेघेच्या अगदी जवळ असताना एकदम ब्रेक मारणे धोक्याचे असेल, तर पुढे निघून जावे. आमच्याकडे पिवळा दिसला की पाय ॲक्सिलरेटरवर जातो, ही गोष्ट वेगळी.

सूनबाईने एकेक फोटो मोठा करून दाखवला. पहाटेचे चार, सव्वाचार. रस्ता ओस, दिवा तांबडा आणि आमची पांढरी पिकअप रेघेच्या पुढे. पुतण्या हळूच म्हणाला, "नाना, त्या वेळेला तिथं चिटपाखरू नसतं." मी त्याच्यावर पुन्हा डाफरणार होतो, तेवढ्यात चौथा फोटो आला. तो समोरून काढलेला. डाव्या बाजूच्या सीटवर पांढरी टोपी स्पष्ट दिसत होती.

ती टोपी माझी. त्या रात्री मीही गाडीत होतो. आणि मला लख्ख आठवले की पोरगा ब्रेक दाबीत होता, तेव्हा मीच म्हणालो होतो, "चल रे, कोण बघतंय? पहिल्या भावाला पोहोचायचंय." त्याच फोटोत कडेला एक बाई होती. हातात लांब झाडू, अंगात रस्ते झाडणाऱ्यांचे चमकत्या पट्ट्यांचे जॅकेट आणि एक पाय झेब्रा पट्ट्यांवर. तिला मी त्या रात्री पाहिलेच नव्हते. वाचकहो, आम्ही शिर्डीच्या रस्त्यावर वाढलेली माणसे. गुरुवारी पालखीच्या गर्दीत, रामनवमीला मुंबईहून चालत आलेल्या पदयात्रेकरूंमधून आम्ही गाडी मुंगीच्या पावलाने काढतो. माणूस दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. पण रिकाम्या रस्त्यावर माणूस दिसतच नाही, कारण तो असेल असे आपण धरलेलेच नसते.

त्या फोटोवर मी काही बोललो नाही. पुतण्याही बोलला नाही. टोपी त्यालाही दिसली होती.

सहावे चलन मात्र आमचे नव्हतेच. फोटोत निळा टेम्पो होता. त्याच्या नंबरात आठ, आमच्या नंबरात तीन. त्या आठाला चिखल लागलेला, म्हणून यंत्राने तीन वाचला. तेव्हा चलन आले म्हणून डोळे मिटून पैसे भरू नका, आधी फोटो बघा. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केला त्यातच लिहिले आहे की अशा चलनासोबत गुन्ह्याचा फोटो, ठिकाण, तारीख आणि वेळ हवी, आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी लोकांना सूचना देणारी पाटी हवी. सूनबाईने तिथेच तक्रार नोंदवली. आरसीचा आणि आमच्या गाडीचा फोटो जोडला. आठ दिवस उत्तर आले नाही. मी एका कार्यालयात गेलो, तिथून दुसऱ्यात पाठवले, दुसऱ्यातल्या माणसाने पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवले. तीन खेपा आणि दोन दिवसांची मजुरी गेली. महिन्याभराने ते चलन रद्द झाले. दीड हजार वाचले.

त्याच महिन्यात पुतण्याच्या व्हॉट्सॲपवर एक फाईल आली. "तुमचे चलन बाकी आहे, उघडून पाहा." चलनाची धास्ती घरात होतीच. त्याचे बोट पडणार एवढ्यात सूनबाईने फोन ओढून घेतला. अशी फाईल उघडली की मोबाईलमध्ये चोर शिरतो आणि बँकेचे खाते रिकामे होते. खरे सरकारी पान 'गव्ह डॉट इन' याच अक्षरांवर संपते आणि सरकार चलनासाठी व्हॉट्सॲपवर फाईल बसवायला सांगत नाही.

गावातले एक जण म्हणाले, "लोकअदालत लागेपर्यंत थांबा, तिथं तडजोड होते." हे खोटे नाही. राष्ट्रीय लोकअदालतीत वाहतुकीची चलनेही घेतात आणि तिथला निवाडा अखेरचा असतो, त्यावर अपील नाही. पण पासिंग अडकले होते, बागेत माल होता आणि गाडी दारात उभी ठेवून कुणाचे पोट भरत नाही. आठ हजार भरले.

भरले ते माझ्या पिशवीतून. वाट्यातून काही कापले नाही. संध्याकाळी वहिनींना सांगितले, "चौथ्या फोटोत मीच होतो." त्या चुलीपाशी होत्या. "ते मला सूनबाईनं दाखवलंय कधीच," एवढेच म्हणाल्या आणि मला गरम भाकरी वाढली.

आता आम्ही दहाऐवजी साडेनऊला निघतो. मागच्या खेपेला मी मुद्दाम बरोबर गेलो. त्या चौकात तांबडा लागला. पुतण्याने रेघेच्या हातभर अलीकडे गाडी उभी केली. खांबावर आकडे उलटे मोजत होते, सत्तर, एकोणसत्तर. रस्ता पूर्ण ओस. मागून एका ट्रकने जोरात हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला.

"वाजवू दे," पुतण्या म्हणाला, आणि खिडकीतून हात बाहेर काढून क्रेटवरची ताडपत्री नीट आहे का ते चाचपत बसला.