माहेरचा देठ

‘नाक जाणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात हसत हसत शिकवीत आलो. धाकट्या भावाचं नाक अपघातात खरोखरच गेलं, तेव्हा ते हसू मावळलं.

डॉक्टरांनी कपाळावरची कातडी खाली वळवून नाक केलं. पण भुवईपाशी तिचा देठ राखला. “तिला रक्त त्यातूनच मिळतं. तीन आठवड्यांत नव्या जागेच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतील, मग कापू.”

भाऊ आरसा टाळी. मी त्याला कावसजीची हकीकत सांगितली. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा हा मराठी शेतकरी. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्यानं असंच कपाळाच्या कातडीचं नाक केलं आणि सुमारे २५व्या दिवशी देठ कापला. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते सचित्र छापून आलं.

एकदा भावाच्या नाकावर माशी बसली आणि त्यानं कपाळ झटकलं! कातडी सासरी आली, जाणीव माहेरीच! कितीतरी दिवसांनी आम्ही हसलो.

देठ कापल्यावर डॉक्टरांनी नाक बोटानं दाबलं. ते पांढरं पडलं. बोट निघालं. मी श्वास रोखला.

हळूहळू गुलाबी रंग परतला. भावानं आरसा मागितला.