मगज

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. हा शब्द ऐकला की आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना फौजेतला अधिकारी आठवतो. अर्थ मात्र साधा आहे : कवच फोडल्यावर आत निघतो तो गर. बदामातून निघतो त्याला आम्ही घरात मगज म्हणतो आणि डोक्यात असतो त्यालाही मगजच. संगणकातल्या या वस्तूला दोन्ही अर्थ लागू पडतात.

आमची मुले संगणक शिकतात म्हणजे टॅली, टायपिंग, फार तर वेबसाइट. त्यातून पैसा लवकर हाती येतो, आणि ज्या घरात माग बंद पडला आहे तिथे कुणी उपदेश करू नये. परंतु 'आतले काम आपले नव्हे' ही समजूत आम्हाला सलते. अल् ख्वारिज्मीचे नाव घेऊन जलशात छाती फुगवायची आणि पोराने सी भाषेचे पुस्तक मागितले की 'नोकरी लागेल का?' म्हणून विचारायचे, असा आपला रिवाज!

इशाच्या नमाजनंतर आम्ही चार-पाच जण मुलामुलींना घेऊन बसतो. सी येत असेल तरच पुढे जातो. पॉइंटर कळला नाही तर महिनाभर तिथेच थांबतो. लिनक्सचा कोड सुरुवातीला उघडू देत नाही. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेली पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज त्या ओळी तीन कोटींच्या पुढे गेल्या आहेत. नवखा माणूस त्यात उरुसात चुकलेल्या पोरासारखा रडवेला होतो.

म्हणून आम्ही एक्सव्ही-६ घेतो. अमेरिकेतल्या एमआयटीने २००६ मध्ये केवळ शिकवण्यासाठी केलेला हा छोटा कर्नल. त्याचे मूळ १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आहे. त्या युनिक्सवर सिडनीच्या जॉन लायन्स यांनी १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी ओळीओळीचे भाष्य लिहिले होते. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते वर्गात शिकवणे बंद झाले, तेव्हा छायाप्रतींच्या छायाप्रती काढून जगभरच्या पोरांनी ते वाचले. रीतसर पुस्तक १९९६ मध्ये निघाले. आता एक्सव्ही-६ चा कोड आणि त्याचे पुस्तक, दोन्ही फुकट मिळतात. तो क्यूइमू नावाच्या नकली यंत्रात चालवायचा. कोसळला तर नकली यंत्र कोसळते, घरातला एकुलता एक जुना संगणक शाबूत राहतो. गरिबाच्या पोराला हे फार मोठे आहे.

एकच प्रोसेसर अनेक कामे कशी करतो, हे समजावताना आम्ही मागाचा दाखला देतो. एक कामगार चार माग सांभाळतो. सूत तुटून माग थांबला की तिकडे धावतो. कर्नलमध्ये या धावण्याला इंटरप्ट म्हणतात. दाखला पुढे लंगडतो, कारण चारही माग एकाच वेळी चालतात आणि प्रोसेसरचा एक कोअर एका क्षणी एकच काम करतो. म्हणून टायमर ठरावीक वेळाने त्याला टोकतो. मग कर्नल चालू कामाची रजिस्टरे जपून ठेवतो आणि दुसऱ्याची भरतो.

एका मुलीने इथे आम्हाला अडवले. 'रिस्क-फाइव्हमध्ये रजिस्टरे बत्तीस, मग कामे बदलणाऱ्या या फंक्शनमध्ये चौदाच का जपली?' उत्तर असे की, फंक्शनला हाक मारण्यापूर्वीच सी कंपायलरने उरलेल्यांपैकी लागतील तेवढी स्टॅकवर ठेवलेली असतात. उत्तरापेक्षा प्रश्न मोलाचा होता. ओळी मोजून वाचणाराच असे विचारतो.

त्यानंतर लिनक्सचे छोटे मॉड्यूल लिहिणे, ते चढवणे-उतरवणे, मग एखादी लहानशी दुरुस्ती पाठवणे. तिच्याखाली पाठवणाऱ्याने आपली सही म्हणून नाव लिहायचे असते. ही प्रथा २००४ पासूनची. एका मुलाने हळूच विचारले, 'पूर्ण नाव लिहायचे?' भाड्याचे घर शोधताना नाव सांगितल्यावर काय होते, हे त्याने पाहिलेले आहे. आम्ही म्हणालो, पूर्णच लिही. तिथे दुरुस्ती परत येते ती मोकळ्या जागा चुकल्या म्हणून, कारण नीट लिहिले नाही म्हणून. अर्थात ती काही जन्नत नाही. उद्धट भाषेबद्दल खुद्द टोरवाल्ड्स यांना २०१८ मध्ये माफी मागावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांचे कारण देऊन काही रशियन देखभालकर्त्यांची नावे यादीतून काढली गेली. राजकारण तिथवरही पोहोचते, हे आम्ही मुलांपासून लपवत नाही.

तो मुलगा सध्या एका ड्रायव्हरमधली जुनी टिप्पणी सुधारतो आहे. रजिस्टरे मोजणारी मुलगी एक्सव्ही-६ मध्ये नवा सिस्टिम कॉल घालते आहे. दोनदा पॅनिक झाला, तिसऱ्यांदा चालला. आता ती पेज टेबलवर आली आहे, आणि तिथे आम्हालाही पुन्हा पुस्तक उघडावे लागते.